वामनभाऊ आणि कापला गेलेला ‘नका’

वामनभाऊ भोयर खुर्ची ओढायच्या आधी टेबलाखाली वाकून पाहतात. खुर्ची रिकामी, कोणी बसलेलं नाही, कोणी बसणार नाही, तरी पाहतात. विचारलं तर म्हणतात, "रिकामं दिसते भाऊ, पण त्याले कोणी ना कोणी टेकून असते." हे वाक्य मी दिवसातून चारदा ऐकतो. आमच्या अहेरीच्या कॉलेजात मी ग्रंथपाल, ते संगणकाच्या लॅबमध्ये सहायक, आणि मधली भिंत प्लायवूडची. कान बंद करता येत नाहीत.

माणूस पराकोटीचा भित्रा. नवीन पंखा बसवला तर पहिला आठवडा त्याच्याखाली बसणार नाहीत. लॅबमध्ये साप निघाला तेव्हा आम्ही सगळे काठी शोधत होतो, आणि हे दार उघडून सापाला म्हणत होते, "इकडून जा बावा, इकडून मोकळं हाये." साप गेलासुद्धा. त्यानंतर दोन दिवस त्यांना काळजी, की तो नीट पोचला असेल का.

आता अशा माणसानं छंद कोणता धरावा? जगभरातली माणसं मिळून एक सॉफ्टवेअर बनवतात. पत्र लिहा, तक्ते करा, याद्या ठेवा. कोणीही वापरावं, आणि आतली लिखावट, म्हणजे कोड, तीही कोणी उघडून दुरुस्त करावी. वामनभाऊ ती दुरुस्त करतात. घाबरत घाबरत, पण करतात.

त्यांचा विभाग म्हणजे खिडक्या. पडद्यावर खिडकी उघडली की बटण कुठं, अक्षरं कुठं, हे सांगणारी लिखावट असते. ती वीस वर्षांत पन्नास हातांतून गेलेली. कोणाला बटण जरा उजवीकडे सरकवायचं होतं, त्यानं मध्ये एक रिकामी चौकट कोंबली. दुसऱ्यानं ती सांभाळायला बाहेरून आणखी एक घातली. होता होता आपल्या घरी पिशवीत पिशवी अन् त्यात पिशवी ठेवतात, तशी गत झाली. वामनभाऊ त्यातली एकेक रिकामी चौकट काढतात. एक काढली की सगळं सॉफ्टवेअर चालवून बघायचं, मग पाणी प्यायचं, मग मला हाक. "भाऊ, जरा येऊन बसा. काई करू नोका, फक्त बसा." मी बसतो. ते डोळे मिटून बदल पाठवतात आणि ताबडतोब बाहेर जाऊन कडुलिंबाखाली उभे राहतात, जसा काही इथं स्फोटच होणार आहे.

"एवढं करून तुम्हाला मिळतं काय?" मी एकदा वैतागून विचारलं.

"मेल भेटते ना," ते म्हणाले. "थँक्यू लिहून राह्यते त्याच्यात."

मी मनसोक्त हसलो होतो. या पावसाळ्यात ते हसू पार आटलं.

झालं असं. त्यांची बायको, शालूबाई, भामरागडच्याही पुढं आत एका आरोग्य उपकेंद्रात नर्स आहेत. जूनमध्ये त्या बैठकीसाठी अहेरीला आल्या. त्यांचा लॅपटॉप जुना, पडदा वीतभर. काम बंद करताना ‘जतन करायचं का?’ असं विचारणारी खिडकी त्यावर मावायचीच नाही. खालची बटणं पडद्याच्या बाहेर, आणि बाई वर्षानुवर्षं अंदाजानं कळ दाबायच्या. वामनभाऊंनी आठ महिने खपून त्या एका खिडकीतल्या अकरा रिकाम्या चौकटी काढल्या. नवीन आवृत्ती आली तशी पेनड्राइव्हनं बाईंच्या लॅपटॉपमध्ये घातली. "आता पुरी खिडकी दिसते, बिनधास्त दाब," म्हणाले. त्यांच्या तोंडून ‘बिनधास्त’ हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. बाई गेल्या. तिसऱ्या दिवशी पाऊस लागला आणि भामरागडचा रस्ता बंद झाला.

चौथ्या दिवशी लॅबमधल्या एका मुलीनं हीच नवी आवृत्ती मराठीत उघडून काम बंद करायला घेतलं. वामनभाऊ सहज मागून जात होते. ते तिथंच थांबले. मग भिंतीपलीकडून मला हाक आली, पण आवाज त्यांचा वाटेना.

मी जाऊन पाहिलं. खिडकीत दोन बटणं. एकावर ‘जतन करा’. दुसऱ्यावर ‘जतन करू’.

"बरोबर तर आहे," मी म्हणालो.

"ते ‘जतन करू नका’ हाये भाऊ. ‘नका’ कापून गेला."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. काढलेल्या अकरातल्याच एका चौकटीनं बटणाची रुंदी धरून ठेवली होती. ती रिकामी दिसत होती. यांनी सगळं तपासलं ते इंग्रजीत, कारण बदल बघणारी माणसं इंग्रजी वाचणारी. इंग्रजीत नकार आधीच येऊन बसतो. मराठीत तो शेवटी येतो, आणि जागा संपली की पहिला तोच जातो. वर ‘करा’ म्हणजे हुकूम अन् ‘करू’ म्हणजे आपुलकी. कोणता भला माणूस ‘करू’ दाबणार नाही?

"शालू यादी करून राह्यली," वामनभाऊ म्हणाले. "पोटुशा बायांची. कोणाचे दिवस कधी भरते, कोणाले नदी चढायच्या आधी दवाखान्यात आणा लागते. नव्यानं करून राह्यली, सगळ्या गावाची." एवढं बोलून ते बसले. खुर्ची न तपासता बसले, आणि मला खरोखर भीती वाटली.

फोन लागेना. बाई संपर्क क्षेत्राच्या बाहेर. वामनभाऊंनी दुरुस्ती तर तासाभरात केली. बदल बघणाऱ्यांकडून प्रश्न आला, बटण एवढं रुंद कशाला? उत्तराचं इंग्रजी माझ्याकडून लिहून घेतलं, की आमच्या भाषेत नाही शेवटी येतं, त्याला जागा ठेवा. लगेच थँक्यू आलं, पुढच्या आवृत्तीत घेतो म्हणाले. वामनभाऊंनी ते वाचलंही नाही. दुरुस्ती साऱ्या जगाला पोचणार होती, फक्त त्या एका लॅपटॉपला पोचणार नव्हती.

पाच दिवस. रोज बसस्टँडवर जाऊन विचारायचे, गाडी कुठवर जाते. रोज तेच उत्तर. "एखादी बाई राहून गेली तर भाऊ? तिकडे रातोरात पाणी चढते. माह्या एका चौकटीपायी." मी धीर द्यायचो. चेष्टा करायची हिंमतच राहिली नाही.

सहाव्या दिवशी दुपारी ते माझ्याकडे बसलेले असताना त्यांचा फोन वाजला. मीच उचलून स्पीकरवर टाकला.

"शालू, तू ते ‘जतन करू’ दाबली काय?"

"दाबलो," बाई म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी."

"यादी?"

"गेली पुरी."

वामनभाऊंनी टेबलाची कड धरली.

"अन् बाया?"

"बाया वहीत हाये ना. तुम्ही काई नवीन टाकून देल्लं का मी महिनाभर वहीतच लिहितो. तुमच्याच संगतीनं भेवाची सवय लागली मले. ज्यायचे दिवस भरत आले होते त्या चौघीयले पाण्याच्या आधीच दवाखान्यात नेऊन सोडलो."

माझा जीव भांड्यात पडला. यांना मात्र अजून समजत नव्हतं. "मंग फोन काऊन केली?"

"रोजच करून राह्यलो. टेकडी चढलो का जराशी रेंज येते, पण लागत नव्हता. मले माईत होतं, तुम्हाले आतापर्यंत ते दिसलं असन. अन् तुम्ही जेवत नसान."

"जेवलो मी."

"भाऊ हाये का तिथी?" बाईंनी विचारलं. "भाऊ, जेवले काय हे?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते मान हलवून मला ‘हाव म्हणा’ असं खुणावत होते. "नाही बाई," मी म्हणालो. "पाच दिवसांपासून चहावर आहेत."

"जेवू घाला त्याइले. मी लाइनीवर हावो."

मी डबा उघडून पुढं ठेवला. वरण-भात आणि वांग्याची भाजी. पलीकडे बाईंच्या छत्रीवर पाऊस वाजत होता, तो आम्हाला ऐकू येत होता. "भाजी कायची हाये?" बाईंनी विचारलं. "वांग्याची," ते म्हणाले. "खा मंग," त्या म्हणाल्या. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, त्यातली अकरा अशी दोन गावांत गेलेली. हे खात राहिले, अन् त्या टेकडीवर उभ्या राहून ऐकत राहिल्या. निम्मा भात संपला तेव्हा रेंज गेली. वामनभाऊंनी फोन कानाला लावून पाहिला, परत टेबलावर ठेवला, आणि उरलेला भात शितभरही न सोडता सगळा खाल्ला.