रोज बरोबर दहा मिनिटं

"नाना, हल्ली अगदी वेळेवर येता हं!" वकीलबाई म्हणाल्या, आणि नानांची कॉलर ताठ झाली. तीस वर्षं त्यांनी या ऑफिसात टायपिंग केलं होतं, आणि तीसही वर्षं उशिरा येऊन.

बाईंसमोर एक अशील बसले होते. त्यांना पाहताच नानांची कॉलर परत खाली आली. ते चौकातले घड्याळवाले होते.

"अब्रुनुकसानीची नोटीस आहे. घ्या लिहून," बाई म्हणाल्या. "'माझ्या अशिलाविरुद्ध वस्तीच्या ग्रुपवर निनावी टाकलेला मजकूर असा: वडिलांच्या घड्याळातलं अस्सल मशीन काढून यांनी नकली बसवलं. घड्याळ रोज दहा मिनिटं पुढे जातं. हा माणूस चोर आहे, सावध राहा. आपला, जागरूक नागरिक.'"

नानांना मजकूर पाठच होता, कारण तो परवा त्यांनीच जेवणाच्या टेबलावर, एका हाताने पोळी मोडत लिहिला होता. वर तीन उद्गारचिन्हंही टाकली होती. बाईंनी ती वाचली नाहीत, तरी नानांनी सवयीने नोटिशीतही टाकली.

"तुम्ही पाहिला वाटतं हा मजकूर?" बाईंनी कागदाकडे बघत विचारलं.

"फिरत फिरत आला होता," नाना पुटपुटले. तेवढं तरी खरं होतं.

घड्याळवाले हताशपणे म्हणाले, "बाई, मशीन बिघडलं तर कधी पाच मिनिटं पुढे जाईल, कधी वीस. रोज बरोबर दहाच? कुणीतरी हाताने पुढे करतंय हो!"

नाना तडक उठून बाहेरच्या जिन्यात गेले आणि त्यांनी घरी फोन लावला.

"तू माझ्या घड्याळाला हात लावतेस का गं?"

"मग काय! तुम्ही आंघोळीला गेलात की करते दहा मिनिटं पुढे. नाहीतर निघता का वेळेवर?"

"अगं, मग सांगायचं नाही का!"

"सांगून काय उपयोग झाला असता?"

तोंड लपवायला जिन्यात जागा नव्हती, म्हणून नाना आत आले.

"'प्रति'पुढची जागा रिकामी ठेवा," बाई म्हणाल्या. "हा नागरिक कोण, ते पोलिसांकडून शोधून घ्यावं लागेल. मेलं नाव सांगायचीही हिंमत नाही!"

म्हणजे अजून कुणाला काही ठाऊक नव्हतं. नुसतं गप्प बसलं तरी नोकरी वाचत होती. नानांनी बोटं आवळून धरली.

"तेवीस जणांनी घड्याळं परत नेली," घड्याळवाले खाली बघत म्हणाले. "त्याचं एवढं नाही. पण काल मुलीने विचारलं, 'बाबा, खरंच का हो?' चाळीस वर्षांत कुणाचा स्क्रूसुद्धा ठेवून घेतला नाही मी."

नानांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी 'प्रति'पुढे टाइप करायला घेतलं. पूर्ण नाव, घराचा पत्ता, पिनकोडसकट. कागद काढून त्यांनी बाईंपुढे ठेवला.

बाईंनी तो दोनदा वाचला. "नाना?"

"मीच तो, बाई. घड्याळ बायको पुढे करत होती."

घड्याळवाल्यांनी कागद ओढून घेऊन वाचला. मग म्हणाले, "ग्रुपवर माफी मागा. स्वतःच्या नावाने."

नानांनी तिथेच माफी लिहिली. बाईंनी त्यातलं 'कदाचित' काढायला लावलं, 'गैरसमजातून'ही काढायला लावलं. उरलं ते दोन ओळींचं होतं. पाठवताच उत्तर आलं: "किती खाल्ले नाना, घड्याळवाल्याकडून?" खाली हसरे चेहरे.

"बघा, बघा!" नाना उसळले. "उघड उघड बदनामी आहे ही! बाई, नोटीस काढू या!"

"मला अशी दोनशे आली," घड्याळवाले म्हणाले.

नाना मटकन खाली बसले. "उद्या सकाळी सगळ्यांदेखत तुमच्या दुकानात येतो," ते म्हणाले. "विचारेल त्याला तोंडाने सांगतो."

"नऊला उघडतो," घड्याळवाले म्हणाले. "या."

दुसऱ्या दिवशी नाना नऊच्या थोडं आधीच दुकानापाशी पोचले. शटर बंद होतं. येणारे-जाणारे थांबून विचारू लागले, "नाना, इथे कसे?" आणि नाना मान खाली घालून प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगत राहिले. तिसऱ्या माणसाला सांगताना त्यांची नजर मनगटावर गेली. घड्याळात बरोबर नऊ वाजले होते, आणि सकाळी नाना आंघोळीला गेले होते.

दुकान उघडायला अजून चांगली दहा मिनिटं होती.