डोमाजीची जांभळी बाग

आमच्या शेजारच्या क्वार्टरात राहणाऱ्या डोमाजीला लाल रंग चालत नसे. चालत नसे म्हणजे किती, तर माझ्या बायकोनं कुंपणापाशी लावलेल्या कर्दळीला पहिलं फूल आलं, तेव्हा हा गृहस्थ गोणपाट घेऊन आला आणि आपल्या बाजूनं ते झाकून गेला. वर सांगून गेला, "वहिनी, राग नका मानू जी. तुमच्याकडून उघडंच हाय."

डोमाजी पोलादाच्या भट्टीवर कामाला होता. भिलाईत तेव्हा सगळंच नवं होतं. कारखाना नवा, माणसं नवी, क्वार्टरांच्या भिंतींचा चुना हाताला लागे. आमच्या गल्लीत मराठी घरं दोनच. एक माझं, शाळामास्तराचं, आणि दुसरं या भंडाऱ्याकडच्या शेतकऱ्याच्या मुलाचं. भट्टीतला रस उघड्या डोळ्यांनी बघवत नाही, म्हणून या लोकांच्या टोपीला एक निळी काच असते. हवी तेव्हा डोळ्यांवर ओढायची, नको तेव्हा वर सारायची. डोमाजी ती टोपी घालूनच घरी येई, बाजारात जाई, आणि माझी खात्री आहे, झोपतही असावा.

"दिवसभर लालच लाल पाह्यतो गुरुजी," तो मला म्हणे. "घरी आल्यावर डोळ्याले थंडा पाह्यजे."

थंडा म्हणजे जांभळा किंवा चंदेरी. तिसऱ्या रंगाला प्रवेश नाही. नर्सरीच्या माळ्यानं त्याला झेंडू, गुलाब, बोगनवेल सगळं दाखवून पाहिलं. डोमाजी एकेका रोपापुढे उकिडवा बसे, वैद्यानं नाडी बघावी तसं पान बोटात धरी आणि "गरम हाय" म्हणून पुढे सरके. अखेर त्याच्या अंगणात जमलं ते असं: कुंपणाला जांभळ्या पानांची वेल, तिच्या पानांवर चंदेरी पट्टे, पायरीच्या दोन्ही अंगांना राखाडी दवणा, मधे काळी तुळस. लाल मुरमाच्या त्या गल्लीत हा प्रकार मला मुळीच आवडला नव्हता. मी त्याला तोंडावर म्हणालो, "डोमाजी, अंगण आजारी दिसतं रे तुझं."

"आजारी नाई जी. निजलं हाय."

मग एकदा त्याचा मेव्हणा येऊन निरोप सांगून गेला आणि डोमाजीची झोपच उडाली. त्याची बायको सुभद्रा येणार होती. तिचं काय झालं होतं ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. लग्नानंतर ती इथे आली आणि पहिल्याच संध्याकाळी कारखान्यातून उकळता स्लॅग, म्हणजे भट्टीतली वितळलेली मळी, ओतला गेला, तसं आभाळ या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल झालं. आम्हाला त्याची सवय होती. ती पदर तोंडाशी धरून अंगणात उभी राहिली, आणि दुसऱ्या दिवशी माहेरी गेली ती गेलीच. आता निरोप होता, "एक डाव येऊन पाह्यते. मन लागलं तं राह्यते, नाई तं पुन्हा बलावू नका."

"आभाळाचं काय करशील?" मी विचारलं.

"आभाळ माह्या हातात नाई," डोमाजी म्हणाला. "आंगन हाय."

सुभद्रा यायच्या आदल्या दिवशी तो शिफ्ट संपवून तसाच नर्सरीत गेला. फाटकापासून पायरीपर्यंतची पट्टी अजून रिकामी होती. उन्हानं डोळे चुरचुरत होते म्हणून टोपीची काच खाली होती. माळ्यानं कोलियसची रोपं पुढे केली. या झाडाच्या पानांत हवा तो रंग मिळतो, आणि त्या काचेतून ती सगळी डोमाजीला छान जांभळी दिसली. माळी बिचारा "ए तो लाल हे भैया" म्हणाला होता, पण माळ्याला रंगातलं काय कळतं, असं डोमाजीचं पहिल्यापासूनचं मत. दिवस बुडता बुडता, काच वर न सारताच, त्यानं दोन्ही बाजूंना ओळीनं रोपं लावून टाकली.

सकाळी मी दात घासत बाहेर आलो तर डोमाजी टोपी हातात घेऊन अंगणात उभा होता. फाटकापासून पायरीपर्यंत लालभडक पानांच्या दोन रांगा.

"गुरुजी, हे कावून झालं जी?"

मी हसणार होतो. पण तो एक पान बोटांनी चोळून रंग निघतो का बघत होता, ते पाहिलं आणि हसू कुठल्या कुठे गेलं. मेव्हणा तिला दुर्ग स्टेशनवरून घेऊन निघालाही असेल. रिक्षा केव्हाही आली असती.

"उभे काय राहिलात दोघं?" माझी बायको कुंपण ओलांडून आली. "उपटा."

मग सगळी गल्ली उपटायला लागली. समोरच्या सरदारजींनी परातीत भरून रोपं नेली, पलीकडच्या तेलुगू बाईंनी ती खाटेखाली सारली, आमची न्हाणी तर अंघोळीच्या कामाची राहिली नाही. शेवटचं रोप घेऊन मी आत वळलो आणि कोपऱ्यावर रिक्षाची घंटा वाजली. खड्डे बुजवायचे राहिले ते राहिलेच.

सुभद्रा उतरली. हातात डालड्याचा डबा, वर ओलं फडकं. तिनं वेल पाहिली, दवणा पाहिला, मातीनं भरलेला नवरा पाहिला. आम्ही सगळे आपापल्या दारांत उभे होतो.

"पाह्य, कुठीच लाल नाई," डोमाजी म्हणाला. "आग दिसन असं काईच नाई ठेवलं."

"आगीले कोन भेते?" ती म्हणाली. "तुमी रोज त्या आगीपाशी उभे राहता, हे मले पाह्यवलं नाई." मग खाली पाहून म्हणाली, "अन् एवढे खड्डे कावून?"

सरदारजींनी परात पाठीमागे धरली. तिनं डब्यावरचं फडकं काढलं. आत जास्वंदीचं रोप होतं आणि टोकाला एक लालबुंद कळी.

"मायच्या अंगनातली हाय. तुमच्या इथं काई रंग नसन म्हणून आनली."

सगळी गल्ली डोमाजीच्या तोंडाकडे बघायला लागली. माझी बायको तर हळूच गोणपाट शोधू लागली. डोमाजी गुडघ्यावर बसला, पायरीजवळचा खड्डा त्यानं हातानंच मोठा केला आणि जास्वंद त्यात लावली.

संध्याकाळी स्लॅग ओतला गेला आणि आभाळ पेटलं. सुभद्रेनं दाराची चौकट घट्ट धरली. डोमाजीनं आपली टोपी काढून तिच्या डोक्यावर ठेवली आणि काच तिच्या डोळ्यांवर ओढली. तिनं मान वर केली.

"जांभळं दिसते," ती म्हणाली.

डोमाजी उघड्या डोळ्यांनी त्या कळीकडे बघत होता. मला राहवेना. कुंपणावरून विचारलं, "काय रे, गरम आहे का?"

"नाई जी गुरुजी," तो म्हणाला. "डोळ्याले थंडा हाय."

दुसऱ्या दिवशी मेव्हणा एकटाच परत गेला.