आपोष्णीच्या हुद्द्यावरची बाटली

रत्नागिरीच्या लिमयांकडे चैत्रातल्या एका सोमवारी फ्रान्सहून आलेली बाटली फ्रिजमधून आपली आपण बाहेर आली आणि कामावर रुजू झाली.

ती मृदुलाच्या नणंदेनं, रोहिणीनं आणलेली. आत पिवळसर वाइन, तिला संत्र्याच्या सालीचा वास. मृदुलाला वाटलं होतं, उन्हाळा आहे, बर्फ घालून घोटभर घेऊ. बाटलीचा तसा विचार नव्हता. ओट्यावर उभी राहून तिनं विचारलं, "रुजू अहवाल कुणाकडे द्यायचा?"

"भाऊंकडे," मृदुला म्हणाली. दुसऱ्या कुणाकडे देणार? सासरे जिल्हा परिषदेतून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले. घरातल्या मांजरालाही लेखी समज देणारा माणूस! पण माघात सासूबाई, माई, गेल्या आणि भाऊंनी जेवणच टाकलं. दोन घास चिवडायचे, ताट बाजूला सारायचं आणि म्हणायचं, "भूक नाही गं." उकडीचे मोदकसुद्धा परत आले तेव्हा मृदुला घाबरली. नवरा बोटीवर, आणि इथे सासरे डोळ्यांदेखत वाळत चाललेले.

भाऊंनी चष्मा लावला. "हुद्दा?"

"अपेरितीफ."

"आपोष्णी?"

"अपेरितीफ. जेवणाआधी घेतात. भूक उघडते."

"अहो बाई, मी तेच म्हणतोय. जेवणाआधी तळहातावर पाणी घेऊन पितात, ती आपोष्णी. तुमच्याकडे उच्चार अशुद्ध झाला, त्याला आम्ही काय करणार?" त्यांनी वहीत तशी नोंद केली. बाटलीनं जरा विचार केला आणि खाली सही ठोकली.

मग तिनं परवाना मागितला. भाऊंकडे मद्याचा आजन्म परवाना होता, कुणाच्या तरी सल्ल्यानं काढलेला आणि एकदाही न वापरलेला. बाटलीनं तो दोन्ही बाजूंनी वाचला.

"एवढ्या उन्हात एकटीनं जमणार नाही," ती म्हणाली. "सहायक लागेल."

मृदुलानं सोलकढी पुढे केली. नारळाचं दूध जागच्या जागी फाटलं. बाटलीनं 'स्वभाव जुळत नाहीत' असा शेरा मारला. कोकम सरबताला सगळा रंग आपलाच हवा होता, त्यामुळे तेही गेलं. कैरीच्या पन्ह्याशी मात्र गट्टी जमली. वर सोडा, वेलची आणि बर्फाचे दोन खडे.

दुपारी भाऊ पाटावर बसले. बाटलीनं मृदुलाला खूण केली. मृदुलानं पळीभर मिश्रण त्यांच्या तळहातावर घातलं. भाऊंनी नेहमीचा मंत्र पुटपुटून ते प्राशन केलं, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, "वाढ."

वरणभात संपला. पुन्हा भात. तिसऱ्यांदा भात! मृदुलाला रडूच आलं. डोळे पुसत ती वाढत राहिली. मग पोळ्या संपल्या, कैरीची डाळ संपली, पोह्याच्या पापडांचा डबा संपला. पाच वाजले तरी भाऊ जेवतच होते.

"भाऊ, पोट दुखेल हो!"

"दुखतंय. पण भूक चालूच आहे." ते बाटलीकडे वळले. "बाई, मिटवा आता."

"उघडणं माझ्याकडे," बाटली शांतपणे म्हणाली. "मिटवणं माझ्या खात्यात येत नाही."

भाऊंचा हात ताटातच थांबला. "बरोबर आहे," ते म्हणाले. "जेवण संपल्यावरची आपोष्णी वेगळी. ते खातं आमच्या हिचं होतं. ती 'पुरे हो आता' म्हणाली की मी हातावर पाणी घ्यायचो. बावन्न वर्षं. जागा माघापासून रिकामी आहे."

भाऊंनी लोणच्याची फोड तोंडात टाकली.

मृदुला लिमयांच्या घरात येऊन अठरा वर्षं झाली होती. सुनेनं आग्रह करायचा, "अजून थोडं घ्या ना" म्हणायचं, एवढंच तिला ठाऊक. सासऱ्यांना पुरे कसं म्हणणार? जीभ रेटेना. शेवटी तिनं पदर खोचला.

"पुरे हो आता, भाऊ."

भाऊंनी मान डोलावली. तळहातावर पाणी घेतलं, प्यायले आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

बाटलीनं वहीत नोंद केली: 'भूक मिटवणे, मृदुला लिमये, प्रभारी.' भाऊंनी हात पुसून ती वाचली, 'प्रभारी' खोडलं आणि वर 'कायम' लिहिलं.

"उद्या आमटी कर," ते म्हणाले. "माईसारखी नको. तुझी."

बाटलीची कामाची वेळ संपली होती. ती फ्रिजमध्ये गेली आणि तिनं आतून दार लावून घेतलं.