मगनभाईंचे लष्करी बूट

मगनभाईंनी माझा चेहरा कधी नीट पाहिला असेल, याबद्दल मला अजूनही शंका आहे. खांडबाऱ्याच्या शाळेत मास्तर म्हणून मी रुजू झालो आणि त्यांच्या शेजारची खोली भाड्याने घेतली. त्याच संध्याकाळी ते ओट्यावर आले, रामराम केला आणि माझ्या पायांकडे बघत म्हणाले, "गुरजी, तुम्हना डावा पाय बाहेर पडस. चप्पलनी टाच देखा, एकच बाजूनी झिजेल शे." नाव, गाव, जात, पगार, बायको कुठली, हे सभ्य माणसं पहिल्या पाच मिनिटांत विचारतात ते प्रश्न त्यांनी विचारलेच नाहीत.

मगनभाई गुजर. मूळ घराणं तापीकाठचं, आजोबांनी इकडे जमीन घेतली म्हणून हे इथले. कापूस चांगला पिकवायचे, चाळिशी उलटली होती, आणि रोज सकाळी पळायचे. आमच्याकडे तेव्हा मोठा माणूस पळताना दिसला की लोक विचारत, "बैल सुटना का?" मगनभाईंच्या मागे बैल नसे, पुढेही नसे. तरी ते स्टेशनपासून रुळाच्या कडेच्या पायवाटेने आउटर सिग्नलपर्यंत पळत जात आणि तसेच परत येत. आणि पळताना पायांत काय, तर लष्करी बूट!

हे बूट त्यांनी एका पेन्शनर शिपायाकडून घेतले होते. तळाला खिळे, टाचेला लोखंडी नाल, आणि चामडं असं, की त्यातली म्हैस अजून पूर्ण मेली नसावी. मगनभाई गल्लीतून निघाले की झोपलेली कुत्री उठून बाजूला होत. माझ्या घरात घड्याळ नव्हतं, पण त्यांच्या शेजारी राहणाऱ्याला त्याची गरजही नव्हती.

पळून आल्यावर मंडळी स्टेशनबाहेरच्या चहाच्या दुकानात बसत. पळणारे चौघे आणि त्यांना सल्ले देणारे चाळीस. रोज पळायला जोडा कुठला चांगला, हा तिथला कायमचा विषय. देशापुढे तेव्हा बरेच प्रश्न होते, पण खांडबाऱ्याने हा आपल्याकडे घेतला होता.

बुकिंग क्लार्क कॅनव्हासच्या पक्षाचा. त्याचे पांढरे बूट सुरतेचे. रोज त्यांना खडूचा हात देऊन तो ते खिडकीत वाळत घाली. ते बूट पळण्यापेक्षा वाळतच जास्त असत. हिलाल पैलवान अनवाणी पळे. "देवनी पाय दिनात, मंग चामडं कसाले?" असं म्हणून तो तळव्यातला काटा काढत बसे. रोज एक तरी काटा निघे, पण मत काही हलत नसे.

मगनभाई सगळ्यांचं ऐकून घेत, बशीतला चहा संपवत आणि मग निकाल देत. "पायले कयाले पाहिजे, जोडा शे म्हनीसन! हलका जोडा हलका डोकाले." त्यांच्या मते जोडा पायाला कळलाच पाहिजे; हलक्या जोड्याने घोटे आळशी होतात, मांडीतलं रक्त मांडीतच राहतं आणि माणूस पुढेमागे लबाड होतो. पुतणीला पाहायला आलेल्या एका मुलाला त्यांनी केवळ पातळ तळाची पायताणं घालून आला म्हणून नकार दिला होता. त्या मुलाने पुढे नवापूरला दुकान काढलं आणि खरोखरच वजनात मारू लागला. त्यानंतर मगनभाईंशी वाद घालणं आणखीनच अवघड झालं.

या सगळ्यात एकच अडचण होती. एवढं शास्त्र जाणणारे मगनभाई रोज हरत. तेही सुकलालकडून.

सुकलाल म्हणजे त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त. तरुणपणी यात्रेतल्या शर्यतीत तो पहिला यायचा आणि मगनभाई दुसरे. पुढे त्याला छातीचं दुखणं झालं. वर्षभर अंथरुणाला खिळला, उठला तेव्हा सदरा खुंटीवर टांगल्यासारखा दिसत होता. डॉक्टरांनी सांगितलं, उघड्या हवेत फिर, झेपेल तेवढं हळूहळू पळ. असा हा खोकत, थांबत पळणारा माणूस सिग्नलला हात लावून मगनभाईंची वाट बघत उभा असे. मागून हे येत खडाक खडाक, मालगाडीसारखे.

मग चहाच्या दुकानात सुकलालचा दरबार भरे. "मगन्या, फेकी दे त्या बूट! नहीतं मन्ही तिरडी बी तुन्हा पुढे निंघी जाई!" सगळं दुकान हसे. मीही हसे, आणि वर माझीही एक पुडी सोडून देई. माझ्या जिभेला हाड नाही, हे गावाला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. मगनभाई मान खाली घालून बुटांना एरंडेल चोळत बसत. दुखणाईत माणसाकडून रोज हरायचं आणि हरवणाऱ्या बुटांना तेल पाजायचं, याला आमच्याकडे शास्त्र म्हणत.

मग माझ्या सासूबाईंचा परत जायचा दिवस उजाडला. त्या चार दिवसांसाठी आल्या होत्या आणि महिनाभर राहिल्या होत्या. मी आनंद कसाबसा लपवत त्यांना नंदुरबारच्या गाडीवर पोहोचवायला गेलो. गाडी आली, आणि सासूबाईंना आठवलं की जपाच्या माळेची पिशवी घरीच राहिली. "माळेशिवाय मी जायची नाही. उद्या जाईन," त्या म्हणाल्या. घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि इंजिन पाणी घेत होतं तेवढाच काय तो वेळ.

फलाटावर जवळच मगनभाई हे ऐकत उभे होते. सुकलाल आदल्या दिवशी सुरतेला छाती दाखवायला गेला होता, म्हणून पळणं झालं नव्हतं आणि ते उगाच घुटमळत होते. त्यांनी माझं तोंड पाहिलं. बहुधा पहिल्यांदाच. मग खाली बसले, बूट काढून माझ्या हातात दिले, धोतराचा काचा मारला आणि सुटले.

मी तसं पळणं पुन्हा पाहिलं नाही. तो चाळिशीतला माणूस अनवाणी पायांनी फलाट, फाटक, बाजारातल्या कांद्याच्या पाट्या ओलांडत क्षणात दिसेनासा झाला. इंजिनाने शिट्टी दिली तेव्हा पिशवी सासूबाईंच्या हातात होती. मगनभाईंना धापसुद्धा लागली नव्हती. गाडी हलली, आणि मी तिथेच ते बूट घेऊन उभा. त्यांच्या वजनाने माझा खांदा उतरला होता.

"मगनभाई," मी म्हणालो, "हे काय?"

त्यांनी बूट ओढून घेतले आणि इकडेतिकडे पाहिलं. "गुरजी, सुकलालले सांगानं नही." मग नाडी बांधत हळूच म्हणाले, "दुखनातून उठना तधय पहिल्या दिवशी मी असाच पयनू. तो मांगे पडना. मी थांबनू, ते त्यानी देखं. घर गया आनि खाटवर पडी गया. आठ दिन कोनशी बोलना नही. त्यानाकरता कोनी थांबेल त्याले चालत नही, गुरजी. मंग मी ह्या बूट लई उनू."

मी खाली बसलो आणि त्यांच्या दुसऱ्या बुटाची नाडी बांधायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सुकलाल सुरतेहून परत आला तो हसतच. डॉक्टर म्हणाले होते, छाती सुधारते आहे, पळणं सोडू नको. चहाच्या दुकानात सगळ्यांसमोर त्याने खाकी कागदाचा पुडा सोडला. आत पांढरेशुभ्र कॅनव्हासचे बूट. मगनभाईंच्या घरी जाऊन त्याने वहिनींकडून गुपचूप पायाच्या मापाची सुतळी नेली होती. "ले मगन्या. रोज रोज तुले हरताना देखीसन माले बी वाईट वाटस. आते बरोबरीनं पय."

बुकिंग क्लार्कने टाळ्या वाजवल्या. मगनभाई त्या बुटांकडे बघत राहिले. मला माहीत होतं ते काय बघत होते. एवढं हलकं पांढरं कापड घालून हा माणूस मागे राहणार कसा? आणि सुकलाल पुन्हा खाटेवर पडला, तर उठवणार कोण? माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. मी ऊन चहा घटाघटा गिळून टाकला.

"चावतीन," मगनभाई एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी आयुष्यात प्रथमच पळणं बघायला सकाळी स्टेशनवर गेलो. पाण्याच्या टाकीमागे मगनभाई एकटेच बसले होते. नवे बूट मांडीवर. रुळातली खडी ते एकेक उचलून बोटाने धार बघत होते. पसंत पडलेले खडे त्यांनी दोन्ही बुटांत टाचेखाली घातले, वर पाय सारला, नाडी घट्ट बांधली आणि उभे राहिले. चेहरा क्षणभर पिळवटला. मग मला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

सुकलाल निघाला. मागून मगनभाई, लंगडत, कण्हत, पण पळत. सिग्नलला हात लावून सुकलाल वळला आणि एवढ्या मोठ्याने हसला की स्टेशनपर्यंत ऐकू आलं. खोकला आला नाही.

चहाच्या दुकानात मगनभाई टेकले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या बुटाच्या टाचेला तांबूस डाग आला होता. सुकलालची नजर तिकडे जायच्या आत मी माझं उपरणं त्यांच्या पायांवर टाकलं आणि ओरडलो, "मगनभाई, तुम्ही काहीही घाला, सुकलालच्या पुढे जाणं तुमच्या नशिबात नाही!"

"खरं शे, गुरजी," मगनभाई म्हणाले, आणि सगळ्यांसाठी चहा सांगितला.