फिंटनची मयत

शवपेटी बैठकीच्या खोलीत आली तेव्हा ब्रोनाने पहिला प्रश्न विचारला तो झाकणाबद्दल. "करकरत नाही ना? एव्हा आत्ताच झोपलीय."

"आमच्या पेट्या करकरत नाहीत," टाइग म्हणाला. "अजून एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नाही."

टाइग हा ब्रोनाच्या नवऱ्याचा, फिंटनचा, चुलतभाऊ. वडिलांचा गावात अंत्यविधीचा धंदा; हा दिवसभर त्यांच्या हाताखाली आणि उरलेल्या वेळात गिटारवर. कामावरून काळ्या सुटात, शववाहिका घेऊन तसाच आला होता. पेटी दुपारपुरती उसनी होती आणि तिच्यात झोपायचं होतं फिंटनला.

ब्रोनाने तान्ह्या बाळाच्या, एव्हाच्या, झोपांमधून वेळ चोरून एक रॉक अल्बम लिहिला होता, 'माझ्याच मयतीला मी'. मेलेला माणूस पेटीत पडून भेटायला आलेल्यांचं बोलणं ऐकतो आणि शेवटी न राहवून उठतो आणि गाऊ लागतो, असं ते नाट्य. रेकॉर्ड कंपनीचे डाल्टन ते ऐकायला आज डब्लिनहून येणार होते. आवडलं तर अल्बम निघणार. नाही तर उद्या ते लंडनला, आणि गाणी कपाटात.

म्हणून ब्रोनाने सगळी काळजी घेतली होती. उजेडाने एव्हा उठते, म्हणून पडदे ओढले. टोल्यांनी दचकते, म्हणून भिंतीवरचं घड्याळ बंद केलं. बेल वाजू नये म्हणून दार नुसतं लोटून ठेवलं. आता, त्या गावात मयताच्या घरीही पडदे ओढतात, घड्याळ थांबवतात आणि दार लोटून ठेवतात. तान्ह्या बाळाचं घर आणि मयताचं घर बाहेरून इतकं सारखं दिसतं हे तिला कधी सुचलंच नव्हतं. समोरच्या नोरीनबाईंना मात्र शववाहिका दिसली, पडदे दिसले, आणि त्यांनी सँडविचसाठी हॅम कापायला घेतलं.

ब्रोना स्वयंपाकघरातून बाहेर आली तर नोरीनबाई पेटीपाशी गुडघे टेकून जपमाळ ओढत होत्या. पेटीत तोंडाला पांढरी पावडर फासलेला फिंटन आणि यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"नोरीनबाई, अहो, हा..."

"काही बोलू नकोस, पोरी." त्यांनी तिला छातीशी असं आवळलं की बोलायची सोयच उरली नाही. "बाळ झोपलंय ना? मग रडायचं तेही हळू."

फिंटनने एक डोळा किलकिला केला. टाइग फुलं नीट करायच्या मिषाने वाकला आणि पुटपुटला, "उठू नकोस. बाईंचं हृदय नाजूक आहे. त्या गेल्या तर पेटी लागेल आणि तिच्यात तू आहेस."

तोवर गाव यायला लागलं होतं. प्रत्येकाच्या हातात सँडविचची ताटली. प्रत्येकजण ब्रोनाचा हात दोन्ही हातांत धरून म्हणायचा, "फार वाईट झालं." ती बिचारी प्रत्येकाच्या कानात सांगत होती, "अहो, तो मेलेला नाही."

"नाहीच मुळी," लोक मान डोलवत. "अशी माणसं मरत नसतात. आपल्यातच असतात."

"हलतोय बघा तो."

"पहिल्या दिवशी तसं वाटतंच, बाळा."

पबवाला पाची पेटीवर झुकला. "फिंटन, तुझ्या गाडीचा आरसा मीच फोडला रे. आळ टपालवाल्यावर आला, मी गप्प बसलो." मयताची एक भुवई वर गेली.

"गळा गोड होता हो त्याचा," शाळेतली बाई म्हणाली.

"गोड कसला," नोरीनबाईंनी डोळे पुसले. "पण मन लावून गायचा." मयताच्या नाकपुड्या फुगल्या.

आणि त्या गर्दीत, लोटलेलं दार ढकलून, लांब कोट घातलेले डाल्टन आले. त्यांनी पडदे पाहिले, जपमाळ पाहिली, हुंदके ऐकले, एक सँडविच उचललं आणि तिच्याजवळ येऊन कुजबुजले, "कमाल केलीत. मला वाटलं नुसती गाणी ऐकवाल. एवढी माणसं कुठून जमवलीत?"

"अहो, ही माणसं खरी आहेत."

"तेच तर म्हणतोय. अगदी खरी वाटतात. करा सुरू."

ब्रोनाने एकदा डाल्टनकडे पाहिलं, एकदा नोरीनबाईंकडे. मग ती बाईंच्या कानाशी वाकली. "बाई, मन घट्ट करा. फिंटन आता उठणार आहे."

"जगाच्या शेवटच्या दिवशी सगळेच मेलेले उठणार आहेत, पोरी," त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

आता आणखी काय सांगायचं? ती कीबोर्डपाशी बसली. टाइगने काळ्या सुटावर गिटार चढवली. फिंटन उठून बसला आणि इतका वेळ दाबून धरलेला सगळा श्वास एका सुरात सोडला.

गाणं संपलं. पहिल्यांदा पाची बोलला. "त्या आरशाचं मी आपलं असंच म्हणालो होतो."

नोरीनबाई उठल्या. टाइगने खुर्ची पुढे सरकवली, न जाणो पडल्या तर. पण त्या पेटीपर्यंत ताठ चालत गेल्या, फिंटनच्या गालावरून बोट फिरवलं, बोटावरची पावडर पाहिली आणि त्याच हाताने त्याला एक चापट ठेवून दिली.

"इतकं रडले मी. आता गा पुढचं. सँडविच काय परत नेऊ मी?"

मग गाव सगळा अल्बम ऐकायला बसलं. दुःखाच्या गाण्यांना लोक मोकळेपणाने रडले, कारण एव्हाना हात बसला होता. बाळ जागं झालं आणि पावाची कड चोखत या मांडीवरून त्या मांडीवर फिरलं.

"अल्बम काढू या," शेवटी डाल्टन म्हणाले. "पण ही मंडळी हवीत. हे रडणं, ही जपमाळ, तो आरसा, सगळं. गुरुवारी डब्लिनला रेकॉर्डिंग ठेवतो. याल ना?"

नोरीनबाईंनी गावाकडे पाहिलं. गावाने नोरीनबाईंकडे पाहिलं.

"गुरुवारी जमायचं नाही," त्या म्हणाल्या. "गुरुवारी हेफर्नन मास्तरांची मयत आहे आणि ती खरी आहे. शुक्रवारी चालेल. रडायला किती वाजता यायचं?"