शंभर टक्के सौर गल्ली

सूर्य सर्वांवर सारखाच तळपतो, असे ज्यांनी म्हणून ठेवले आहे त्यांच्या छपरावर सोलर पॅनल नसावेत. ज्यांच्या छपरावर ते आहेत, त्यांना पक्के ठाऊक असते की शेजाऱ्याच्या छपरावर सूर्य थोडा जास्त तळपतो.

आमच्या गल्लीत बावीस घरे आहेत आणि बावीसही छपरांवर पॅनल आहेत. दिवसा तयार झालेली वीज वीजमंडळाच्या तारेत जाते, रात्री लागेल तेवढी तारेतून परत येते आणि सगळा हिशेब मोबाइलवर दिसतो. मोबाइलवर एक झाडही दिसते. वीज जितकी जास्त, तितकी 'आपण वाचवलेली झाडे' जास्त. (गल्लीत पूर्वी दोन खरी झाडे होती. त्यांची सावली पॅनलवर पडू लागली, तेव्हा ती काढावी लागली. अ‍ॅपने त्यांची वजाबाकी केली नाही. यंत्राचे मन मोठे असते.)

इतकी उत्तम व्यवस्था असूनही वीज मात्र माहितीपत्रकात लिहिल्याच्या जेमतेम निम्मी निघत होती. म्हणून गल्लीच्या समितीने एक दोषनिवारण उपसमिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद निवृत्त प्राचार्यांना दिले. त्यांनी हयातभर इतरांचे दोष शोधले होते. निवारणाशी त्यांचा कधी संबंध आला नव्हता, पण उपसमितीत सगळेच गुण एका माणसात मिळत नाहीत.

उपसमितीने आधी पॅनल धुणे सक्तीचे केले. प्रत्येकाने आपले पॅनल असे धुतले की धूळ शेजाऱ्याच्या पॅनलवर गेली. शेजाऱ्याने ती पुढे ढकलली. अशा रीतीने गल्लीतली धूळ प्रथमच सर्वांमध्ये समान वाटली गेली. मग कबुतरांना घाबरवण्यासाठी प्रत्येक छपरावर प्लॅस्टिकचे घुबड बसवण्यात आले. कबुतरे घुबडांच्या डोक्यावर बसू लागली. आता पॅनलवर कबुतराची आणि घुबडाची अशी दोन मजली सावली पडते.

त्यानंतर उपसमितीने शास्त्रीय निरीक्षण केले. सकाळी उत्पादन बरे असते, संध्याकाळी बरे असते, पण भर दुपारी, ऊन रणरणत असताना, निम्म्या घरांची पॅनलला जोडलेली यंत्रे बंद पडतात. मंगळवारी तर सगळीच. प्राचार्यांनी यावरून काढलेला निष्कर्ष असा, की दुपारच्या वेळी सूर्य कामात हयगय करतो आणि मंगळवारी दांडी मारतो. सूर्याला नोटीस पाठवण्याची सोय नसल्यामुळे तंत्रज्ञ बाईंना बोलावण्यात आले.

बाईंनी छपरे पाहिली, मीटर लावून तारा तपासल्या आणि प्राचार्यांच्या ओसरीत बसून सांगितले, "सर, पॅनल ठणठणीत आहेत. दुपारी तुम्ही सगळे एकदम तारेत वीज ढकलता आणि घरी वापरायला कोणी नसतं. मग तारेतलं व्होल्टेज चढतं. ते फार चढलं की तुमची यंत्रं स्वतःला जपायला आपोआप बंद होतात."

"मग रोज सगळी का बंद होत नाहीत?"

"कोपऱ्यावर लाँड्री आहे ना, तिच्यामुळे. तीन मोठ्या इस्त्र्या, दोन मशिनं, एक ड्रायर. दुपारची बरीचशी वीज तिथे खपते, म्हणून निम्मी यंत्रं तरी तग धरतात. मंगळवारी ती बंद असते."

उपसमितीने हे शांतपणे ऐकून घेतले आणि नोंद केली : 'गल्लीची वीज लाँड्रीत जाते, हे तंत्रज्ञ बाईंनी मान्य केले.'

"अहो, मी असं नाही म्हटलं," बाई म्हणाल्या.

"शब्द तुमचेच आहेत," प्राचार्य म्हणाले. "मांडणी फक्त आमची."

लाँड्री चालवणाऱ्या बाईंना गल्ली कडककाकू म्हणते, कारण कपडे हातात घेताच त्या एकच प्रश्न विचारतात, "कडक की मऊ?" गल्लीच्या मालकीच्या गॅरेजमध्ये पुढे त्यांचे दुकान होते आणि पडद्यामागे अंथरुणाला खिळलेला भाऊ. गॅरेजला स्वतःचे छप्पर नव्हते (वर समितीचे कार्यालय आहे), त्यामुळे काकूंकडे पॅनलही नव्हते. म्हणजे बावीस घरे वीज देणारी आणि एक बाई वीज घेणारी. अशा परिस्थितीत दोषी कोण, हे ठरवायला उपसमितीचीही गरज नव्हती. तरी बैठक झाली.

"माझं मीटर वेगळं आहे, साहेब," काकू म्हणाल्या. "कुणाची वीज चोरून घेत नाही मी."

"चोरी कोण म्हणतंय, काकू? प्रश्न तत्त्वाचा आहे. आमचं ऊन तुमच्या इस्त्रीत जातं."

"इस्त्रीत जाऊन तुमच्याच सदऱ्यावर येतं की. आजचा सदरा सकाळीच नेलात ना? कॉलर दमट असतानाच घातलीत. बघा, मान खाजवताय."

प्राचार्यांनी हात खाली घेतला. दोन नंबरच्या घरातल्या वहिनी हसल्या आणि मग गॅरेज रिकामे करून घेण्याच्या ठरावाच्या बाजूने हात वर करताना पुन्हा गंभीर झाल्या.

"भावाला हलवायचं म्हणजे अवघड आहे हो," काकू म्हणाल्या. "त्याला वळवायला दोन माणसं लागतात."

समितीने ही अडचण सहानुभूतीने विचारात घेतली आणि दोन माणसे पुरवली.

निरोप समारंभ नेटका झाला. काकूंना सौर कंदील भेट देण्यात आला. भावाला हातगाडीवर निजवून मागच्या गल्लीतल्या सुताराच्या शेडमध्ये नेले, तेव्हा त्याच्याखाली धुवून घड्या घातलेल्या चादरी अंथरल्या होत्या. (त्यातल्या चार चादरी वहिनींच्या निघाल्या. त्या परत कधी मिळतील, याची चौकशी त्यांनी तिथेच केली.) त्याच संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी 'शंभर टक्के सौर गल्ली' अशी पाटी लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बावीसही घरांची यंत्रे एकदम बंद पडली. तिसऱ्या दिवशीही. आता आठवड्याचे सगळे वार मंगळवार झाले होते.

पण हातपाय गाळणाऱ्यांतली आमची गल्ली नव्हे. 'दुपारी वीज खपायला हवी' हा नवा सिद्धांत प्राचार्यांनी स्वतः मांडला. (तंत्रज्ञ बाईंच्या बोलण्याशी त्याचे साम्य आढळल्यास तो योगायोग समजावा.) त्यानुसार कामावर जाताना घरातला गीझर, पंखे आणि इस्त्री चालू ठेवून जाणे बंधनकारक झाले. इस्त्रीखाली कपडा ठेवू नये, अशी सूचना एका पडद्याला आग लागल्यानंतर जोडण्यात आली. प्राचार्यांच्या बैठकीच्या खोलीत दुपारभर हीटर आणि एसी समोरासमोर चालतात. दोघेही तुल्यबळ असल्यामुळे खोलीच्या तापमानात फरक पडत नाही. उत्पादन मात्र दुपटीने वाढले. वाचवलेली झाडे आता गल्लीत मावणार नाहीत इतकी झाली आहेत आणि कार्यक्षम वीजवापरासाठी आमचा सत्कार झाला. सत्काराला सगळे चुरगळलेल्या कपड्यांत गेले, कारण इस्त्रीखाली कपडा ठेवायला मनाई आहे.

मध्यंतरी प्राचार्य काकूंना परत बोलवायला गेले होते, असे ऐकिवात आहे.

"आले असते की," काकू म्हणाल्या म्हणे. "पण भाऊ गेला हो, साहेब. तुमच्या माणसांनी वळवताना काय झालं कोण जाणे, त्या दिवसापासून तो सावरलाच नाही. आता गॅरेज मला एकटीला मोठं होईल."

समितीने शोकप्रस्ताव संमत केला. काकू सुताराच्या शेडमध्येच राहिल्या, इस्त्र्या-मशिनांसह.

दरम्यान, मागच्या गल्लीतही घरोघर पॅनल लागले आणि ते भर दुपारीसुद्धा अखंड चालतात. तिथले लोक याचे श्रेय आपण निवडलेल्या कंपनीला देतात आणि आम्हालाही तीच घ्यायचा सल्ला देतात. अलीकडेच तिथे सह्यांसाठी एक अर्ज फिरू लागला आहे. सुताराच्या शेडमध्ये कोणीतरी दिवसभर फार वीज ओढते, अशी त्यात तक्रार आहे.

वाचकहो, तुमच्या छपरावरचे यंत्र भर दुपारी बिनतक्रार चालत असेल, तर अभिनंदन. कंपनी चांगली मिळाली. फक्त गेल्या महिन्यात, जिना चढता चढता, न वाचता तुम्ही कशावर सही केलीत, तेवढे एकदा आठवून पाहा.