साखरेचा रिपोर्ट सोमवारी

आमच्या सानपाड्याच्या सोसायटीतले विनायक भिवाजी कुणाकडेही चहाला गेले की आधी चिमूटभर साखर मागतात. मग खिशातून काचेची एक पट्टी काढायची, तिच्यावर साखर पसरायची, पट्टी खिडकीच्या उजेडात धरून एक डोळा मिटून बघायचं, साखर कागदाच्या पुडीत बांधायची आणि गंभीर चेहऱ्याने सांगायचं, "रिपोर्ट सोमवारी." चहा मात्र ते बिनसाखरेचा पितात.

सोमवारी लिफ्टमध्ये खरोखरच रिपोर्ट मिळतो. बहुधा एकच. "दान्याला घाई केलीन." म्हणजे साखर धीराने शिजवली नाही. माझ्या बायकोला, शुभाला, याचा इतका राग येतो की कुणाला वाटावं, साखर तिनेच गॅसवर केली होती.

भिवाजी मूळचे मॉरिशसचे. त्यांचे खापरपणजोबा रत्नागिरीकडून तिकडे ऊस तोडायला गेले. बंदरावरच्या कारकुनाने नाव विचारलं, त्यांनी भिवाजी सांगितलं, आणि पुढच्या सगळ्या पिढ्यांचं तेच आडनाव झालं. वडील कारखान्यात साखर शिजवायचे. घट्ट झालेला पाक काचपट्टीवर घेऊन दाणा बघायचा आणि साखर झाली की नाही ते सांगायचं, हे त्यांचं काम. त्यांच्या शब्दाशिवाय पाकाचं पात्र रिकामं होत नसे. पुढे तो कारखाना बंद पडला आणि मुलगा विनायक धंद्यात शिरला. आता भिवाजी इथून साखर कारखान्यांचे सुटे भाग आफ्रिकेला पाठवतात, त्यासाठी रोज जासईच्या कंटेनर यार्डात खेटे घालतात. बोलतात ते आजीकडून आलेलं मराठी, आणि काहीही पटलं की "कोरेक!" तिकडे 'ठीक आहे'ला असंच म्हणतात म्हणे. आमचा वॉचमनही हल्ली गेट उघडताना 'कोरेक' म्हणतो.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी माझी साखर बंद केली. शुभाने त्याच दिवशी डबा रिकामा करून, घासूनपुसून पालथा घातला. रविवारी सकाळी भिवाजी आले.

"जरापन नाय?" त्यांनी विचारलं.

"एक दाणा नाही," शुभा विजयी मुद्रेने म्हणाली. "आता सोमवारचं टेन्शनच नाही!"

मी हसलो. भिवाजी मटकन खुर्चीत बसले.

"वहिनी, रिपोर्ट मी नाय देत. मला दान्यातलं काय कळतं? बाबा देतात."

वडील तिकडे मॉरिशसला, भिवाजींच्या बहिणीकडे असतात. गेली दोन वर्षं ते कुणालाच ओळखत नाहीत. रविवारी व्हिडिओ कॉल लावला की मुलाकडे परक्यासारखे बघत राहतात. पण समोर काचपट्टी धरली की बोलतात.

"तेवढंच बोलतात," भिवाजी म्हणाले. "आनि साखर नवी लागते. मागच्या वेळची दाखवली तर तोंड फिरवतात. ह्या आठवड्यात कुठं नवी गावलीच नाय."

मला माझ्या हसण्याची लाज वाटली. शुभा देवघराकडे गेली आणि नैवेद्याच्या वाटीतला खडीसाखरेचा टपोरा खडा घेऊन आली.

कॉल आमच्याच हॉलमधून लावला. पडद्यावर कानटोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ भलतीकडेच बघत होते. भिवाजींनी पट्टीवर खडा ठेवला आणि खिडकीशी धरला. म्हाताऱ्यांची मान हळूहळू वळली. ते कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आले.

"एवढा दाना! कुनी धीर धरलान हा?"

"हितल्या वहिनींनी," भिवाजींनी ठोकून दिलं. शुभा चक्क लाजली.

म्हातारे बराच वेळ खडा न्याहाळत राहिले. मग पडद्यातून थेट भिवाजींकडे बघत म्हणाले, "माज्या विनायकला दाखव हा. पोर चांगला हाय माजा. पन त्याला घाई फार."

भिवाजींनी पट्टी जराही हलू दिली नाही.

"कोरेक, बाबा," ते म्हणाले. "दाखवतो त्याला."